पाठ झालंय म्हणूनच...

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी भाची विमान चालवायला शिकते आहे. 'मामा, एकदा बघायला ये ना,' असा तिचा दोन वर्षांचा लकडा होता. नोकरीत असताना सबबी आयत्या मिळतात, निवृत्तीनंतर त्या मिळत नाहीत. तेव्हा एका थंड पहाटे, अंगात स्वेटर आणि कानाला मफलर अशा थाटात, मी आपल्याच राज्यातल्या एका लहानशा धावपट्टीवर हजर झालो.

चार आसनांचं पांढरं सेस्ना विमान उभं होतं. आपल्या मारुती गाडीला पंख लावले तर कसं दिसेल, तसं. मला वाटलं, ही आता दार उघडेल, किल्ली फिरवेल आणि भुर्रकन उडून जाईल. पण पुढची वीस मिनिटं ती विमानाभोवती नुसती फिरत होती, हातात एक प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद घेऊन. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. पंखाखाली वाकून तिनं एका पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढलं आणि उजेडाकडे धरलं. इंधनात पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं, ते बघायचं असतं. मग शिडीवर चढून टाकीत काठी घालून इंधन किती आहे ते मोजलं. समोर काटा असतोच, पण एकट्या काट्यावर विसंबायचं नाही. पंखाखाली एक बारीक नळी असते. तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून विमानाचा वेग कळतो. तिच्यावरची लाल फितीची टोपी काढली. पंख्याच्या पात्यावरून बोटं फिरवली. दर वेळी आधी कागदाकडे बघायचं, मग त्या वस्तूकडे, मग तिला हात लावायचा आणि मग पुढे.

शेवटी न राहवून मी म्हटलं, "अगं, इतक्या वेळा उडून आलीस, अजून तुला हे पाठ झालं नाही?"

ती हसली. म्हणाली, "मामा, पाठ झालंय म्हणूनच कागद."

मग तिनं मला विमानात डोकावायला लावलं. वैमानिकापुढे मोटारीच्या स्टिअरिंगसारखा एक दांडा असतो. त्याच्या भोकातून एक सळी आरपार घातली होती आणि सळीला लाल रंगाचा पत्रा होता. "हे कुलूप," ती म्हणाली. "हे काढायचं विसरलास तर तू आकाशात जाशील, पण परत येशील की नाही ते सांगता येत नाही."

या कुलपाचं काम साधं आहे. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीवर हलणाऱ्या फळ्या असतात. पंखांवरच्या फळ्यांनी विमान डावी-उजवीकडे कलतं, शेपटीवरच्या आडव्या फळीनं त्याचं नाक वर-खाली होतं. विमान उघड्यावर उभं असताना वारा या फळ्यांना आपटून खिळखिळ्या करतो. म्हणून त्या जागच्या जागी जखडून ठेवायच्या आणि निघण्यापूर्वी सोडायच्या. आपण सायकलला कुलूप लावतो, तसंच. फरक एवढाच, की सायकलचं कुलूप काढायला विसरलं तर सायकल हलतच नाही. विमान मात्र हलतं. ते धावतं, वेग घेतं, कधी कधी जमीनही सोडतं. चूक कळते ती त्यानंतर.

घरी आल्यावर मी या कुलपाचा इतिहास शोधत बसलो. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय? पण त्या शोधात पहिल्याच दिवशी जे सापडलं, त्यानं माझी झोप उडवली.

3 जून 1936. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर. जर्मन हवाई दलाचा चीफ ऑफ जनरल स्टाफ वाल्थर वेफर तिथे व्याख्यानासाठी आला होता. वय 48. पहिल्या महायुद्धातल्या एका वृद्ध सेनानीच्या अंत्यविधीसाठी त्याला बर्लिनला लवकर परतायचं होतं. विमान होतं हाइंकेल कंपनीचं 'ब्लिट्झ', म्हणजे वीज. एका इंजिनाचं, टपाल आणि चार उतारू वाहून नेणारं, त्या काळातलं अतिशय वेगवान. पण वेफरच्या हाताला ते सरावाचं नव्हतं. घाईघाईत तो चढला. पंखांवरच्या फळ्यांची कुलपं तशीच राहिली. विमानानं जमीन सोडली, एक पंख खाली झुकला, तो सावरण्याचा मार्गच बंद होता. वेफर आणि त्याच्या बरोबरचा तंत्रज्ञ, दोघेही गेले. ज्याच्या हाताखाली एका बलाढ्य देशाचं हवाई दल उभं राहत होतं, त्याला एका न काढलेल्या कुलपानं संपवलं. आणि तो निघाला होता दुसऱ्याच्या अंत्यविधीला.

वेफरची चूक नवी नव्हती. त्याच्या आधी सातच महिने, 30 ऑक्टोबर 1935 रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटनजवळच्या राइट फील्डवर तीच घडून गेली होती. ते विमान मात्र लहान नव्हतं. बोइंग कंपनीचं चार इंजिनांचं 'मॉडेल 299' सैन्याच्या परीक्षेला उतरलं होतं. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, मुरलेले परीक्षण-वैमानिक. बोइंगचे मुख्य परीक्षण-वैमानिक लेस्ली टॉवरही विमानात होते. विमान झेपावलं, नाक वर-वर जात राहिलं, मग वेग संपून ते कोसळलं आणि पेटलं. हिल त्याच दिवशी गेले, टॉवर पुढे काही दिवसांनी. चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. शेपटीच्या फळ्यांचं कुलूप सोडायचं राहून गेलं होतं.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कुणाला तरी दोषी ठरवायचं, 'यापुढे सर्वांनी अधिक दक्षता घ्यावी' असं परिपत्रक काढायचं आणि फाइल बंद करायची. मी स्वतः अशी परिपत्रकं लिहिली आहेत. पण तिथल्या वैमानिकांनी वेगळा विचार केला. हिलपेक्षा जास्त दक्ष माणूस आणायचा कुठून? विमानंच आता अशी झाली होती, की त्यांची सगळी कामं एका डोक्यात ठेवणं धोक्याचं होतं. मग त्यांनी ती कागदावर उतरवली. उडण्यापूर्वी काय, उडताना काय, उतरण्यापूर्वी काय, उतरल्यावर काय. भाचीच्या हातातला कागद त्या कागदाचा वंशज. आणि ते विमान? तेच पुढे 'बी-17' म्हणून गाजलं आणि साडेबारा हजारांवर तयार झालं.

हे वाचताना मला आपली बँक आठवली नसती तरच नवल. आमच्याकडे विमानं नव्हती, पण कुलपं भरपूर होती. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून रोकड मोजायची, रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, दोघांनी सह्या करायच्या आणि मगच कुलूप. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हे शिकवलं जातं आणि पहिल्या वर्षात पाठ होतं.

पाठ झालं, तिथेच घात झाला.

1988 साल. नाशिक जिल्ह्यातलं कांद्याच्या बाजारपेठेचं एक गाव. मी अठ्ठावीस वर्षांचा, शाखेत अकाउंटंट. हेड कॅशियर निवृत्तीला टेकलेले. सगळी शाखा त्यांना काका म्हणे. नोटांची गड्डी हातात घेऊन त्यांनी अंगठा सरकवला, की यंत्रानं मोजल्यासारखी ती शंभरावर थांबे. तीन वर्षांत त्यांच्या हिशेबात एका रुपयाचा फरक मी पाहिला नव्हता.

तो शनिवार होता. अर्धा दिवस, त्यात बाजार मोठा. अडत्यांचे दिवाणजी पिशव्या भरभरून पैसे नेत होते. माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस होता आणि घरी पोचवणारी एस.टी. एकच होती. रोकड बंद करायची वेळ आली. काकांनी बंडलं रचून ठेवली होती. एका बंडलात दहा गड्ड्या. ते दमले होते. त्यांनी बंडलं मोजली होती, गड्ड्या नव्हत्या. मला म्हणाले, "साहेब, एकदा मोजून घेता ना?"

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "काका, तुम्ही मोजलंय ना? मग झालं!"

आणि सही केली. त्या वेळी मला वाटलं, मी त्यांचा मानच राखला. वडीलधाऱ्या माणसानं मोजलेलं पुन्हा काय मोजायचं? वाढदिवस छान झाला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी तिजोरी उघडली, रोकड काकांच्या ताब्यात गेली आणि अकराच्या सुमाराला वरच्या कार्यालयातून तपासणीचे साहेब अचानक आले. शंभराच्या नोटांच्या एका बंडलात नऊच गड्ड्या निघाल्या. दहा हजार रुपये कमी. काकांच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढे.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. शनिवारच्या आकड्याखालच्या माझ्या सहीवर बोट ठेवून त्यांनी मला सरळ विचारलं, "ही रोकड तुम्ही स्वतः मोजली होती?"

मी म्हणालो, "हो."

एका अक्षराचा तो शब्द. माझ्या नोकरीला पाच वर्षं झाली होती, घरात लहान मूल होतं, असं पुष्कळ काही मी नंतर स्वतःला सांगितलं. पण त्या 'हो'चा अर्थ काय झाला ते बघा. शनिवारी संध्याकाळी अधिकाऱ्यानं रोकड मोजली आणि ती पुरी भरली. म्हणजे गड्डी गेली ती सोमवारी सकाळी. आणि सोमवारी सकाळी रोकड होती एकट्या काकांच्या ताब्यात.

काका शेजारीच उभे होते. मी मोजलं नव्हतं हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बोलले काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून दहा हजार भरले. त्यांच्याकडून रोकड काढून घेतली आणि त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती जो अड्डा जमे, तो जमेनासा झाला. कुणी उघड काही म्हणत नव्हतं. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी एका अडत्याचे दिवाणजी धावत आले. त्यांच्या पैशाच्या पिशवीचं अस्तर उसवलं होतं, त्यात एक गड्डी सरकून बसली होती. गुंडाळीवर आमच्या शाखेचा शिक्का, काकांची सही. पिशवीतले बाकीचे पैसे हिशेबाप्रमाणे बरोबर असल्यानं त्यांना संशयच आला नव्हता. आणि त्या आठवड्यात त्यांनी पैसे काढले होते ते फक्त शनिवारी.

सगळ्यांना आनंद झाला, पेढे आले. काकांना पैसे परत मिळाले, रोकडही परत मिळाली. गड्डी शनिवारीच गेली असेल, तर शनिवारी संध्याकाळी रोकड पुरी भरली कशी, हा प्रश्न कुणी विचारला नाही. काकांनीही नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

मी मोजलं असतं, तर घटकाभरात दिवाणजी सापडले असते. पण मला सलतं ते वेगळंच. दुसरी किल्ली पहिल्या माणसावर अविश्वास म्हणून असते, असं मी समजत होतो. म्हणून काकांसारख्या माणसापुढे ती वापरायची मला भीड वाटली. भीड ही भिकेची बहीण असं आपले जुने लोक म्हणत. माझ्या भिडेची भीक काकांना मागावी लागली. खरं तर दुसरी किल्ली पहिल्या माणसाच्या रक्षणासाठी असते. मी त्या दिवशी मोजलं असतं, तर माझी सही हा काकांचा सर्वांत मोठा आधार झाली असती. न मोजता केली, म्हणून तीच त्यांच्याविरुद्धची साक्ष झाली.

भीड फक्त आपल्याकडे असते असं नाही. वेफरनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, 31 मे 2014 च्या रात्री, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेडफर्डच्या विमानतळावर एक गल्फस्ट्रीम जेट धावपट्टी सोडून पुढे गेलं आणि जळालं. सातजण गेले. त्यांत वृत्तपत्राचे मालक लुइस कॅट्झ होते आणि दोन्ही वैमानिकही. कारण काय? कुलूप. दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर उडत होते. दांडा चारी दिशांना फिरवून फळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचं असतं, त्याला काही सेकंद लागतात. अपघाताची चौकशी करणाऱ्यांनी विमानातली नोंद तपासली. आधीच्या 175 उड्डाणांपैकी ही चाचणी पुरेपूर केलेली उड्डाणं होती फक्त दोन.

मी हा आकडा पुन:पुन्हा वाचला. कुलूप लागलेलं असताना इंजिनाला पुरता जोर देताच येऊ नये अशी सोय त्या विमानात होती, पण ती हवी तशी चालत नव्हती, हाही दोष चौकशीत निघाला. तो आपल्या जागी. पण त्या दोघांचं काय? ते आळशी असतील असं मला वाटत नाही. एकमेकांना ते इतके ओळखत होते, की विचारायची गरज भासेनाशी झाली असावी. 'तुम्ही बघितलंय ना? मग झालं!' हे वाक्य तिथेही कधीतरी, न बोलता, बोललं गेलं असेल. एकशे त्र्याहत्तर वेळा काही बिघडलं नाही. माझंही त्या शनिवारपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

या कागदाच्या गोष्टीत एक आपला माणूस आहे. ज्या ओहायोत तो जन्मला, त्याच राज्यातल्या अथेन्स गावात यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे डॉ. आत्माराम गावंडे शल्यचिकित्सक होते. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे हेही शल्यचिकित्सक झाले. वैमानिकांचा कागद शस्त्रक्रियेच्या खोलीत नेता येईल का, असा प्रश्न त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी 19 कलमांची यादी केली. भूल देण्यापूर्वी थांबा, चिरा घेण्यापूर्वी थांबा, रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबा. तिच्यातलं एक कलम तर असं, की खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 साली निष्कर्ष छापून आले. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं होतं. गावंड्यांनी याच विषयावरच्या आपल्या पुस्तकात कबूल केलं आहे, की स्वतः त्यांनाही आपल्याला या यादीची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. पुढे त्यांच्याच हातून एका शस्त्रक्रियेत मोठी रक्तवाहिनी फाटली. यादीमुळे आधीच मागवून ठेवलेलं रक्त हाताशी होतं, म्हणून रुग्ण वाचला.

पण याचीही दुसरी बाजू आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाली. 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. कागदोपत्री जवळजवळ सगळीकडे यादी भरली जात होती. मृत्यूंत मात्र म्हणावा असा फरक पडला नव्हता. असं का, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मी तज्ज्ञ नाही. पण तीस-पस्तीस वर्षं रजिस्टरं बघितलेला माणूस आहे. रकाना भरलेला असणं आणि गड्डी मोजलेली असणं यांतला फरक मला कुणी शिकवायला नको.

नुसती सवय होऊन उपयोग नाही, असं हे प्रकरण आहे. सवय हाताला लागते आणि डोळा सुटतो. गॅस बंद केला का, कडी लावली का, आजोबांना रात्रीची गोळी दिली का, या रोजच्या कामांत आपल्याला आठवतो तो कालचाच हात. आज केलं की नाही ते सांगता येत नाही. बायको विचारते, "गॅस बघितलात ना?" आणि आपण चिडतो. चिडू नये. ती आपली दुसरी किल्ली आहे.

त्या सकाळी भाचीनं सळी काढली, लाल पत्रा मला दाखवला आणि जागेवर ठेवून दिला. ती सळी अशी बनवली आहे, की तिचा पत्रा किल्लीच्या भोकावरच येतो. विसरणारा माणूस गृहीत धरून कुणीतरी ती केली आहे. मग ती आत बसली, तिच्याशेजारी तिचे शिक्षक. धावपट्टीच्या तोंडाशी विमान थांबलं. लांबून मला दिसलं, की पंखांवरच्या फळ्या वर-खाली झाल्या, शेपटीची फळी वर झाली, खाली झाली. दांडा चारी दिशांना फिरला होता. काही सेकंदांचं काम. मग विमान धावलं आणि अलगद उचललं गेलं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, त्या तेव्हा सुटल्या.

दुपारी डबा खाताना मी तिला काकांची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत प्रथमच कुणाला तरी. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मामा, तू त्यांना कधी सांगितलं नाहीस?"

नाही सांगितलं. काका आता नाहीत. त्यांची मुलं, नातवंडं कदाचित हे पान वाचत असतील, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. पण ती नोंद दुरुस्त करायची राहिली आहे. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यावर रेघ मारून, शेजारी खरी नोंद लिहून, सही करतात. तर त्या शनिवारी मी रोकड मोजली नव्हती. काकांनी मोजायला सांगितलं होतं.